प्रतिपिंडांची करामत आणि मर्यादा



विषय जीवशास्त्राचा आणि बोलणारा कामगार संघटनेचा, हा मेळ कसा जमला असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी डॉक्टर नव्हे, की शास्त्रज्ञही नव्हे. जे थोडेफार वाचले ते कोश शेजारी ठेवून वाचले. पण संघटनेच्या कामात सभासदांच्या आजारपणाचे कागद नित्य हाताखालून जातात, आणि त्या कागदांवर गेल्या काही वर्षांत 'मॅब' या अक्षरांनी संपणारी नावे वरचेवर दिसू लागली आहेत: ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, निव्होलुमॅब. नावाशेजारचा आकडा पाहिला की घरातले लोक गप्प होतात. हे 'मॅब' म्हणजे काय, ते कर्करोगावर चालते तसे मेंदूच्या रोगावर का चालत नाही, आणि ते इतके महाग का, हे तीन प्रश्न आज आपण क्रमाने पाहू.

कर्करोगाची मूळ अडचण अशी आहे की त्यातला शत्रू बाहेरून आलेला नसतो. क्षयाचा जंतू परका असतो, त्याची घडण निराळी असते. म्हणून त्याला मारणारे आणि आपल्याला न मारणारे औषध सापडू शकते. कर्कपेशी मात्र आपलीच असते. ती फक्त वाढ थांबवण्याचा हुकूम पाळीत नाही. जुनी औषधे जी पेशी भराभर वाढते तिच्यावर घाला घालतात. केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात, हाडांतल्या मगजात निरोगी पेशीही भराभर वाढत असतात. त्याही त्यात सापडतात. तण काढण्यासाठी सबंध शेतावरून वखर फिरवावा तसा हा प्रकार. तण जाते, पण पीकही जखमी होते. तेव्हा नेमक्या पत्त्यावर जाणारे औषध असू शकेल काय, हा प्रश्न पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच विचारला होता. अशा औषधाला त्याने 'जादूची गोळी' म्हटले. गोळी म्हणजे बंदुकीची.

पत्ता शोधणारी अशी वस्तू निसर्गाने आपल्या रक्तात ठेवलेलीच आहे. 1890 साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग हे जर्मन आणि शिबासाबुरो कितासातो हे जपानी संशोधक काम करीत होते. धनुर्वाताशी झुंजण्याची ताकद आणलेल्या सशाच्या रक्तातील पाणी, म्हणजे रक्तद्रव, त्यांनी उंदरांना टोचले, तेव्हा ते उंदीरही धनुर्वातातून बचावले. रोगाशी लढण्याचे काहीतरी त्या रक्तद्रवात होते. त्यालाच आपण प्रतिपिंड म्हणतो. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचे औषध तयार केले, ते याच मार्गाने. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची, आणि ती काढून घेऊन साप चावलेल्या माणसाला द्यायची.

हे प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिन. त्याचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा असतो. बेचकीच्या दोन्ही टोकांना खाचा असतात, आणि त्या खाचांत ठरावीक आकाराचीच वस्तू बसते. कुलपात किल्ली बसावी तशी. बेचकीची मूठ दुसरे काम करते. दोन टोकांनी शत्रूला पकडले की ही मूठ रक्तातल्या मारेकरी पेशींना खुणेने बोलावते. ही रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेरल्ड एडेलमन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण घोड्याच्या रक्तात एकच प्रतिपिंड नसते. त्या घोड्याने जन्मभरात ज्या ज्या जंतूंना तोंड दिले, त्या सर्वांची प्रतिपिंडे तेथे एकत्र असतात. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभरा सगळे एकाच पोत्यात भरावे तसे. शिवाय एका घोड्याचे रक्त दुसऱ्यासारखे नसते, आणि घोडा मेला की त्याचा माल संपला. नेमके एकच प्रतिपिंड, शुद्ध, आणि हवे तेवढे कसे मिळवायचे? येथे शास्त्र बरीच वर्षे अडून बसले होते.

वाट दाखवणारा एक विचार 1957 साली ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडला. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात अगणित असतात. पण त्यांतील प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. कारखान्यात एका साच्यावर एकच नग निघावा तसे. म्हणजे हवी ती पेशी वेगळी काढून वाढवता आली की काम झाले. पण ही पेशी शरीराबाहेर काढली की थोड्याच दिवसांत मरते. तिला जगवायचे कसे?

या ठिकाणी सीझर मिल्स्टाइन यांची ओळख करून दिली पाहिजे. जन्म 1927, अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका या गावी. वडील परदेशातून आलेले ज्यू. पंधराव्या वर्षापासून स्वतःच्या पायावर उभे राहिलेले. आई शिक्षिका, तीही गरीब स्थलांतरित कुटुंबातली. तिघा मुलांना विद्यापीठात पाठवायचेच, एवढ्या एका निश्चयावर ते घर चालले. मिल्स्टाइन कॉलेजात फार हुशार विद्यार्थी म्हणून गाजले नाहीत. ते विद्यार्थी संघटनेच्या कामात मात्र पुढे असत. पुढे केंब्रिजला शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि बुएनोस आयरेसच्या सरकारी संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग चालवू लागले. 1962 साली तेथे लष्कराने सत्ता घेतली. संस्थेच्या संचालकांवर सूड उगवण्याचे राजकारण सुरू झाले, तेव्हा मिल्स्टाइन यांनी राजीनामा दिला आणि 1963 साली ते पुन्हा केंब्रिजला गेले. तेथील रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी. अर्जेंटिनाने एक माणूस घालवला. त्याचे मोल तिला पुढे कळले.

1974 मध्ये जॉर्ज केलर हा तरुण जर्मन संशोधक त्यांच्याकडे आला. दोघांनी जी युक्ती केली ती ऐकायला सोपी वाटते. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींनाही एक कर्करोग होतो, त्याला मायलोमा म्हणतात. मायलोमाच्या पेशी कधी मरत नाहीत, वाढतच राहतात. एकीकडे हवे ते प्रतिपिंड बनवणारी, पण अल्पायुषी पेशी; दुसरीकडे अमर पण निरुपयोगी कर्कपेशी. या दोघींचे मीलन घडवून आणले तर?

त्यांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. उंदराच्या प्लीहेत मेंढीच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या. त्या काढून, निष्प्रभ केलेल्या एका विषाणूच्या मदतीने मायलोमाच्या पेशींशी जोडल्या. मग सगळे मिश्रण अशा द्रवात ठेवले की ज्यात एकटी मायलोमा पेशी जगू शकत नाही. न जोडलेल्या प्लीहापेशी आपल्या मरणाने मेल्या, मायलोमा पेशी द्रवाने मारल्या, आणि उरल्या त्या फक्त संकरित पेशी. आईकडून कसब घेतलेल्या, बापाकडून आयुष्य घेतलेल्या. आता त्या हवे ते प्रतिपिंड बनवतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांना मेंढीच्या रक्तपेशींच्या थरावर ठेवले. जेथे प्रतिपिंड सुटेल तेथे रक्तपेशी फुटून भोवती स्वच्छ कडे दिसावयास हवे. तशी कडी दिसली. एकेक पेशी वेगळी करून वाढवली की तिच्या सबंध वंशातून एकच प्रतिपिंड, वर्षानुवर्षे, पाहिजे तेवढे मिळू लागले. एका पेशीच्या वंशातले म्हणून त्याला इंग्रजीत 'मोनोक्लोनल अँटिबॉडी' म्हणतात. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे घेतली की 'मॅब'.

हे काम 7 ऑगस्ट 1975 रोजी 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. वैद्यकात आणि उद्योगधंद्यात याचा उपयोग होऊ शकेल, असे लेखकांनी शेवटी नम्रपणे लिहिले होते. मिल्स्टाइन यांनी आधीच जुलैमध्ये ही गोष्ट मेडिकल रिसर्च कौन्सिलला कळवली होती. पेटंट घ्यावयाचे की नाही हे पाहणाऱ्या सरकारी महामंडळाने ऑक्टोबर 1976 मध्ये उत्तर दिले: याचा तातडीचा व्यावहारिक उपयोग आम्हाला दिसत नाही! या 'निरुपयोगी' शोधाबद्दल मिल्स्टाइन आणि केलर यांना, नील्स येर्ने यांच्यासह, 1984 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात मिल्स्टाइन मागेल त्या प्रयोगशाळेला आपल्या पेशी पाठवीत होते. त्यांतल्याच पेशी वापरून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने 1979 आणि 1980 साली अमेरिकेत आपल्या नावाची पेटंटे घेतली. विहीर एकाने खणली, पाणी साऱ्या गावाला मोकळे ठेवले, आणि रहाटाला कुलूप तिसऱ्यानेच लावले, असे हे झाले. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूळ पद्धतीवर कोणाची मालकी नव्हती, म्हणूनच ती थोड्या वर्षांत जगभर पसरली. आणि ठेच लागल्यावर मेडिकल रिसर्च कौन्सिल शहाणी झाली. उंदराचे प्रतिपिंड माणसाला टोचले की माणसाचे शरीर त्यालाच परके समजून त्यावर तुटून पडते, ही अडचण होती. त्याच प्रयोगशाळेतील ग्रेग विंटर यांनी 1986 साली, खाचा तेवढ्या उंदराच्या आणि बाकीची बेचकी माणसाची, असे प्रतिपिंड घडवण्याची रीत दाखवली. या वेळी कौन्सिलने पेटंट घेतले आणि त्याच्या उत्पन्नातून पुढच्या संशोधनाला बळ मिळाले.

आता या प्रतिपिंडाने कर्करोगात काय केले ते पाहू. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिने असतात. कामगाराच्या छातीवर बिल्ला असावा तशी. त्यांतला एक बिल्ला म्हणजे 'हर-टू'. तो पेशीला वाढण्याची आज्ञा देतो. निरोगी पेशीवर तो बेताने असतो. पण स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण पंधरा ते वीस रोगांत पेशीवर या बिल्ल्यांची गर्दी झालेली असते. असा रोग अधिक आक्रमक असतो, हे लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवले. या बिल्ल्यालाच पकडणारे प्रतिपिंड म्हणजे ट्रास्टुझुमॅब. ते वाढीची आज्ञा अडवते आणि आपल्या मुठीने मारेकरी पेशींना बोलावते. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. पुढे 2005 साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत, लवकर सापडलेल्या रोगात शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्यास रोग उलटण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो असे आढळले. ज्या रोगाचे निदान सर्वांत वाईट समजले जाई, त्यात हा फरक पडला. म्हणून घरातल्या कोणाला स्तनाचा कर्करोग निघाला तर हर-टूची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. बिल्ला नसेल तर हे औषध व्यर्थ. असेल तर ते टाळणे हा घात.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की मग याच रीतीने कोणताही रोग बरा करता येईल. मेंदूने हा समज खोटा ठरवला आहे. 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात औगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. 1906 साली ती वारल्यावर आलोइस आल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर कसलीशी पुटे साचली होती आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. हा गुंता कशाचा, हे कळावयाला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. ते कोडे सुटले केंब्रिजच्या त्याच प्रयोगशाळेत. 1988 साली तेथील संशोधकांनी दाखवले की हे धागे 'टाउ' नावाच्या प्रथिनाचे आहेत. मिशेल गोडर्ट, क्लॉड विशिक, एरन क्लुग ही त्या कामातील मंडळी. आणि त्या वर्षीच्या एका शोधनिबंधावर मिल्स्टाइन यांचेही नाव आहे, कारण गुंत्यातला नेमका तुकडा ओळखायला त्यांच्या विद्येतले प्रतिपिंडच कामी आले. टाउचे नेहमीचे काम म्हणजे चेतापेशीच्या आतल्या रुळांना स्लीपरसारखे धरून ठेवणे. रोगात ते सुटते आणि आपसात गुंतते. 2017 साली गोडर्ट आणि श्योर्स शेरेस यांच्या गटाने या धाग्याची घडी अणूअणूपर्यंत उलगडून दाखवली.

म्हणजे मेंदूतला अपराधी ओळखण्यात प्रतिपिंड यशस्वी झाले. पण उपचारात? पेशीबाहेरची पुटे अॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाची असतात. 1999 साली उंदरांत असे दिसले की अॅमिलॉइडविरुद्ध लस टोचल्यास पुटे कमी होतात. माणसांवरची चाचणी मात्र मेंदूला सूज आल्यामुळे 2002 साली थांबवावी लागली. मग तयार प्रतिपिंडे देऊन पाहिली. एकामागून एक अपयशी ठरली. अखेर लेकानेमॅबला अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळाली. तिची मोठी चाचणी सुमारे 1800 रुग्णांवर 18 महिने चालली. पुटे खरोखर पुष्कळ कमी झाली. रुग्णांची घसरण थांबली नाही. ती 27 टक्क्यांनी मंदावली. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे. आणि औषध घेणाऱ्या दर आठांत सुमारे एकाच्या मेंदूच्या तपासणीत सूज दिसली.

हा फरक का पडावा? पहिले कारण असे की मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा पक्का तट आहे. रक्तातले प्रतिपिंड हजारात एखादाच भाग आत शिरते. दुसरे कारण, अॅमिलॉइड पेशीबाहेर असते, पण टाउचा गुंता पेशीच्या आत असतो. आणि प्रतिपिंड हा दाराबाहेरचा पहारेकरी आहे, माजघरात त्याचा शिरकाव नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. कर्करोगात पेशी मारावयाची असते, मेंदूत ती वाचवावयाची असते. गेलेली चेतापेशी परत येत नाही, आणि विसराळूपणा घरच्यांच्या ध्यानात येण्याआधी दहा-वीस वर्षे हा रोग मुकाट्याने काम करीत असतो. मारणे सोपे, वाचवणे कठीण, हा न्याय येथेही लागू आहे. म्हणून रोग पुढे गेलेल्या वडिलधाऱ्यांसाठी कोणी महागड्या सुईची आशा दाखवली तर भुलू नये. लेकानेमॅबची चाचणी रोगाच्या अगदी आरंभी असलेल्यांवर झाली होती. अशा घराला आज खरी गरज आहे ती अहोरात्र सांभाळणाऱ्या बाईला विसावा देणाऱ्या माणसाची.

आता किमतीचा प्रश्न. लेकानेमॅबचा अमेरिकेतला भाव 2023 मध्ये वर्षाला 26,500 डॉलर असा जाहीर झाला. एवढी किंमत का? काही अंशी ती खरी आहे. हे औषध गोळीसारखे रसायनांतून बनत नाही; पोलादी टाक्यांत जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून बनवून घ्यावे लागते. पण उरलेल्या भागाचे कारण मक्तेदारी हे आहे. आपल्या देशाने 1970 च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट रद्द केले होते, आणि त्या जोरावर येथे स्वस्त औषधांचा धंदा उभा राहिला. जागतिक व्यापार कराराप्रमाणे 2005 पासून ते पेटंट परत आले. ट्रास्टुझुमॅबच्या बाबतीत रुग्णांसाठी झगडणाऱ्यांनी आवाज उठवला. मूळ कंपनीने 2013 साली भारतातील पेटंटाचा पाठपुरावा सोडला, आणि 2014 च्या आरंभी बंगळूरच्या कंपनीने बनवलेले त्याच जातीचे औषध बाजारात आले. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. अत्यावश्यक म्हणजे चैनीचे नव्हे, एवढे तरी त्यामुळे जगाने मान्य केले.

दुसरा मार्ग आपल्या मुंबईने दाखवला आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग हा तंबाखू खाणाऱ्या कष्टकऱ्यांचा रोग. त्यावर निव्होलुमॅब हे प्रतिपिंड चालते; ते रोगाशी लढणाऱ्या पेशींना लागलेला अटकाव काढून घेते. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. हा खर्च झेपणारे आपल्याकडे फार थोडे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारले, एवढी मात्रा लागतेच कशावरून? त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले. रोग फार पुढे गेलेल्या 151 रुग्णांची ही चाचणी होती. निम्म्यांना नुसत्या स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि हे थोडे निव्होलुमॅब. 2022 साली निष्कर्ष जाहीर झाला. वर्षाअखेर पहिल्या गटात शंभरांत 16 जण हयात होते. दुसऱ्या गटात 43. हे रोगी बरे झाले असे मी म्हणत नाही. पण कमी मात्रेचा हा प्रश्न विचारण्यात औषध विकणाऱ्याला काही फायदा नव्हता; तो सार्वजनिक रुग्णालयानेच विचारावयाचा होता, आणि त्याने तो विचारला.

मित्रहो, या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते ती आपल्यापुढे ठेवतो. बेरिंग-कितासातोंपासून टाटा रुग्णालयापर्यंत या विद्येची पायरी चढवणारे हात बहुतेक सार्वजनिक संस्थांतले होते. मिल्स्टाइन 2002 साली वारले. त्यांच्या रीतीने निघालेली औषधे जगात आहेत. ती रुग्णापर्यंत पोचवणे हे काम प्रयोगशाळेचे नव्हे, तुमचे-आमचे आहे. विमा योजनेत कोणती औषधे असावीत, जिल्ह्याच्या रुग्णालयात हर-टूची तपासणी व्हावी की नाही, पेटंटाच्या कायद्यातील जनहिताची कलमे सरकारने वापरावीत की नाहीत, हे प्रश्न शास्त्राचे नाहीत. ते विचारायला पदवी लागत नाही. ते आपण आपल्या नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत विचारीत राहावे, एवढी विनंती करतो.